मुखवटा दुबळ्याचा आणि मुखवटा शिकाऱ्याचा

अल्पवयीन पोराला किंवा पोरीला इंटरनेटवर कोणी फसवले, नादी लावले, की समाजाकडून तीन उत्तरे लगेच येतात. पहिले : "मोबाईल काढून घ्या." दुसरे : "खोट्या नावाने लिहिणे कायद्याने बंद करा." तिसरे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात बहुतेकांच्या असते : "पोरगंच हळवं होतं, एकलकोंडं होतं. धडधाकट पोरं कशी फसत नाहीत?"

मित्रांनो, ही तिन्ही उत्तरे चूक तर आहेतच, शिवाय ती सोयीची आहेत. पहिल्यात गुन्हेगार यंत्र आहे, दुसऱ्यात टोपणनाव आहे, तिसऱ्यात फसलेले लेकरूच गुन्हेगार आहे. फसवणारा माणूस तिन्ही उत्तरांत कुठेच नाही. अन्याय झाला की अन्याय झालेल्यालाच "तू तिथे गेलासच कशाला?" असे विचारण्याची रीत आपल्याला नवी नाही. म्हणूनच या तीन उत्तरांचा समाचार घेणे आपले काम आहे.

त्यासाठी इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात जावे लागेल, आणि ते सुद्धा अमेरिकेत. कारण हा खेळ तिथे आधी झाला, त्याची न्यायालयीन नोंद झाली आणि निकालही लागून गेले. आज जे आपल्या पोरांच्या बाबतीत घडते त्याचा पहिला प्रयोग तिथे होऊन चुकला आहे. तो नीट अभ्यासला तर आपल्याला पुन्हा पहिल्यापासून ठेचा खाव्या लागणार नाहीत.

शिकारी शेजारच्याच घरात होता

साल २००६. मिसूरी राज्यातील सेंट लुईस शहराजवळचे एक उपनगर. तिथे १३ वर्षांची एक मुलगी राहत होती. वजनावरून, दिसण्यावरून तिला स्वतःचीच लाज वाटायची. नैराश्यावर उपचार चालू होते. जुन्या शाळेत त्रास झाला म्हणून शाळा बदलली होती. त्या काळात अमेरिकेतली किशोरवयीन मुले 'मायस्पेस' या संकेतस्थळावर जमत. आईवडिलांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली तिनेही तिथे खाते उघडले.

तिथे तिला १६ वर्षांचा एक मुलगा भेटला. देखणा, गोड बोलणारा. तू छान दिसतेस, असे सांगणारा. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरचे कोणीतरी तिच्याशी आदराने बोलत होते. काही आठवडे हे चालले. मग ऑक्टोबरच्या मध्यात त्याचा सूर अचानक बदलला. तू मैत्रिणींशी नीट वागत नाहीस, मला तुझ्याशी मैत्री नको, असे तो म्हणू लागला. बघता बघता इतर मुलेही शिवीगाळीत सामील झाली. तुझ्याशिवाय हे जग अधिक चांगले असेल, अशा अर्थाचा शेवटचा संदेश आला. त्या मुलीने आपले आयुष्य संपवले.

काही आठवड्यांनी आईवडिलांना कळले की असा मुलगा कधी नव्हताच. ते खाते त्याच रस्त्यावरच्या एका घरातून चालत होते. ते चालवण्यात चाळिशी ओलांडलेली एक शेजारीण, तिची मुलगी आणि तिच्याकडे कामाला असलेली १८ वर्षांची एक तरुणी अशा तिघींचा हात होता. शेजारणीची मुलगी एकेकाळी या मुलीची मैत्रीण होती. आपल्या मुलीबद्दल ही पोरगी काय बोलते ते काढून घ्यायचे, हा हेतू सांगितला गेला. शेवटचा संदेश आपण टाईप केला, अशी साक्ष त्या तरुणीने पुढे दिली. मुलीच्या आजाराची शेजारणीला कल्पना होती, असे सरकारी पक्षाने न्यायालयात मांडले.

आता विचार करा. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" हा उपदेश इथे काय कामाचा होता? फसवणारी बाई अनोळखी नव्हती. ती त्या घराला ओळखत होती. देखरेख होती, परवानगी होती, आई रोज लक्ष ठेवत होती. उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. एका बाजूला पन्नाशीकडे झुकलेली, अनुभवी, मुलीचे दुखणे माहीत असलेली प्रौढ बाई. दुसऱ्या बाजूला तेरा वर्षांची, मैत्रीसाठी आसुसलेली पोर. एकीला दुसरीचे सगळे ठाऊक, दुसरीला पहिलीचे काहीच ठाऊक नाही. ही लढत बरोबरीची नव्हतीच. हे विषमतेचे प्रकरण आहे. विषमता वयाची, माहितीची आणि गरजेची. कॉम्प्युटरने फक्त या विषमतेला पडदा पुरवला.

आणि या पडद्याचे भाडे कोण खात होते, तेही विसरू नका. २००५ साली रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पने मायस्पेसची मालक कंपनी ५८ कोटी डॉलरना विकत घेतली होती. पोरांची वर्दळ हाच तिथला माल. १४ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही असा नियम लिहिलेला होता, पण जन्मतारीख तपासायला दारात कोणी उभे नव्हते. १९९६ च्या कायद्यातील कलम २३० मुळे, लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी अशा कंपन्यांवर येत नाही. म्हणजे एकटेपणाचा नफा कंपनीचा आणि एकटेपणाची किंमत पोरीच्या घरच्यांची!

कायदा हरला की बरोबर ठरला?

पुढे जे झाले ते कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. स्थानिक सरकारी वकिलाने सांगितले, कोणताही गुन्हा बसत नाही. लोक खवळले. मग लॉस एंजेलिसच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी खटला उभा केला, कारण मायस्पेसचे सर्व्हर त्यांच्या हद्दीत होते. कायदा वापरला १९८६ चा, जो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी करणाऱ्यांसाठी केला होता. आरोपाचा गाभा काय? तर खोटी माहिती देऊन संकेतस्थळाच्या अटी मोडल्या! नोव्हेंबर २००८ मध्ये ज्युरीने गंभीर आरोप फेटाळले आणि किरकोळ स्वरूपाच्या तीन गुन्ह्यांत दोषी धरले. २००९ साली न्यायाधीश जॉर्ज वू यांनी तेही रद्द केले. संकेतस्थळाच्या अटी मोडणे हाच फौजदारी गुन्हा मानला, तर लाखो साधी माणसे गुन्हेगार ठरतील, असा त्यांचा मुद्दा होता.

आपल्यातले अनेक जण म्हणतील, हा कसला न्याय? पोर गेली आणि कोणालाच शिक्षा नाही? हा संताप मला मान्य आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे : न्यायाधीशांचा निकाल बरोबर होता. सरकारने खरा गुन्हा सोडून भलत्याच गोष्टीला गुन्हा ठरवले होते. प्रौढ माणसांनी एका आजारी मुलीला ठरवून छळले, हा अन्याय होता. आरोप मात्र "खोटे नाव घेतले" असा ठेवला. तो टिकला असता तर उद्या त्याचा वापर कोणाविरुद्ध झाला असता? मालकाच्या अत्याचाराविरुद्ध टोपणनावाने लिहिणाऱ्या मजुराविरुद्ध. घरच्यांच्या भीतीने दुसऱ्या नावाने आधार शोधणाऱ्या समलिंगी पोराविरुद्ध. कायद्याचा वरवंटा नेहमी उताराच्या दिशेने घरंगळतो, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे?

बरोबर मार्ग कोणता होता? तो मिसूरी राज्याने २००८ मध्ये घेतला. छळाच्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करून त्यांनी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेला छळही त्यात आणला. म्हणजे गुन्हा नावाशी न जोडता कृतीशी जोडला.

चुकीचा मार्गही त्याच वेळी दिसला. २००७ च्या अखेरीस बातमी फुटल्यावर झुंडीने त्या शेजारणीचे नाव, पत्ता, फोन नंबर इंटरनेटवर टाकले आणि धमक्यांचा पाऊस पाडला. त्यात कोणी भामट्याने तिच्याच नावाने खोटे लिखाण सुरू करून मेलेल्या मुलीला दोष देणारा मजकूर टाकला. लोकांनी तो खरा मानला! मुखवट्याला उत्तर द्यायला निघालेली झुंड स्वतःच दुसऱ्या मुखवट्याला फसली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी, संविधानिक मार्ग उपलब्ध असताना असंविधानिक मार्ग सोडून द्या, असे बजावले होते. ते त्यांनी जुलमी लोकांची दया येऊन सांगितले नव्हते. झुंडीच्या न्यायात दुबळ्याचा कधीच विजय होत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

दुसरे शिकारी संघटित होते

शेजारणीचे प्रकरण एका गल्लीतले होते. आता त्याहून मोठ्या शिकाऱ्यांकडे वळू.

फेब्रुवारी १९९६ मध्ये जॉन पेरी बार्लो यांनी सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. वंश, पैसा, लष्करी ताकद, जन्म यांवरून भेद न होता जिथे कोणीही येऊ शकेल असे जग आम्ही घडवतो आहोत, असा त्यांचा दावा होता. स्वप्न चांगले होते. पण त्यांनी जाहीरनामा लिहिला तेव्हा वर्णवर्चस्ववादी त्या जगात आधीच ठाण मांडून बसले होते. १९८४ मध्येच कू क्लक्स क्लॅनच्या लुई बीम याने टेलिफोन लाईनवर चालणारे कॉम्प्युटर जाळे उभे केले होते. १९९५ मध्ये क्लॅनचाच माजी नेता डॉन ब्लॅक याने 'स्टॉर्मफ्रंट' सुरू केले. हा गृहस्थ कॉम्प्युटर कुठे शिकला? तुरुंगात! १९८१ साली भाडोत्री माणसे घेऊन डॉमिनिका या कॅरिबियन देशाचे सरकार उलथवण्याच्या कटात तो पकडला गेला होता. शिक्षा भोगताना शिकलेली विद्या त्याने बाहेर येऊन द्वेषाच्या सेवेला लावली.

या लोकांनी मुलांना कसे हेरले ते बघा. स्टॉर्मफ्रंटवर लहान मुलांसाठी वेगळे पान होते, आणि ते ब्लॅकच्या स्वतःच्या शाळकरी वयाच्या अपत्याच्या नावाने चालत होते. मुलांना ओढायला मुलगाच पुढे! २००२ मध्ये 'रेझिस्टन्स रेकॉर्ड्स' या नवनाझी संगीत कंपनीने एक कॉम्प्युटर गेम बाजारात आणला. त्यात काळ्या, लॅटिन वंशाच्या आणि ज्यू लोकांना मारत पुढे जायचे होते. खेळ, गाणी, गप्पा. ग्रंथ आणि भाषणे नंतर.

यातला सगळ्यात नीच डाव १९९९ चा. ब्लॅकच्या स्टॉर्मफ्रंटने चक्क मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे संकेतस्थळ घेतले. वरवर बघता ते श्रद्धांजलीचे पान वाटे. भाषा शैक्षणिक. शाळकरी मुलांना उद्देशून मजकूर. गृहपाठ करणारे पोर किंगबद्दल शोधायला जाई आणि या पानावर येऊन पडे. आत किंग यांच्या चारित्र्यावर चिखलफेक. शाळेत वाटायला तयार पत्रकेसुद्धा. पान कोण चालवते ते तळाशी, जिथे सहसा कोणी बघत नाही. कित्येक वर्षे किंग यांचे नाव शोधले की हे पान सुरुवातीच्या निकालांत दिसत असे.

ज्यांनी किंग यांच्या हयातीत त्यांचा द्वेष केला, त्यांच्या वारसांनी किंग यांचाच मुखवटा घालून किंग यांच्याविरुद्ध पोरे तयार करायचा धंदा मांडला! महामानवाच्या विचाराशी समोरासमोर लढता आले नाही की त्याच्या नावाचा बुरखा पांघरायचा, हा कावा ओळखायला आंबेडकरी वाचकाला जास्त समजावून सांगावे लागणार नाही.

आणि या जाळ्यात कोण सापडे? पुढे पश्चात्ताप होऊन बाहेर पडलेल्या अनेकांनी एकच गोष्ट सांगितली आहे. भरती करणारे विचार शोधत नसत, एकटी पोरे शोधत. शाळेत टिंगल होणारा, घरात कोणी न विचारणारा, गटात न बसणारा. त्याला आधी कोणीतरी म्हणे, "तू आमचा आहेस." द्वेष कशाचा करायचा ते नंतर शिकवले जाई. आपलेपणाचा हप्ता आधी, विचारसरणीची वसुली मागाहून.

"हळवं होतं" म्हणणाऱ्यांना

म्हणूनच तिसऱ्या उत्तराची मला चीड येते. एकटेपणा हा पोराच्या स्वभावातला दोष आहे, असे म्हणणारे लोक एकटेपणा तयार करणाऱ्या कारखान्याकडे कधी बोट दाखवत नाहीत. जाड म्हणून हिणवणारी शाळा, मुलगा मुलासारखा वागत नाही म्हणून तोंड फिरवणारे घर, रंगावरून, भाषेवरून, जातीवरून वेगळे बसवणारा वर्ग हा तो कारखाना. पोराला बाजूला काढायचे काम समाज करतो. शिकारी फक्त बाजूला पडलेले पोर उचलतो.

मिसूरीतल्या त्या मुलीने काय चुकीचे मागितले होते? कोणीतरी आपल्याशी नीट बोलावे, एवढेच. ही मागणी माणूसपणाची आहे. भुकेल्याला विष घातलेली भाकर दिली तर आपण भुकेला दोष देत नाही. मग आदराच्या भुकेल्या पोराला दोष का?

सगळेच मुखवटे उतरवा, म्हणणाऱ्यांना

आता दुसरे उत्तर : टोपणनावे बंद करा, प्रत्येकाला ओळखपत्र दाखवायला लावा. ऐकायला बरे वाटते. हा प्रयोगही होऊन गेला आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यासाठी खऱ्या ओळखीची सक्ती केली. ओळख द्यायची तर ती कुठेतरी साठवावी लागणार. २०११ मध्ये तिथल्या 'नेट' आणि 'सायवर्ल्ड' या संकेतस्थळांवर दरोडा पडला आणि सुमारे साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. शिकारी संपले नाहीत, सावजांचे पत्ते मात्र बाजारात गेले.

फेसबुकनेही खऱ्या नावाचा आग्रह धरला तेव्हा काय झाले? अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची खाती बंद पडली, कारण त्यांची खरीखुरी पारंपरिक नावे कंपनीला खोटी वाटली. गोऱ्याचे नाव ते नाव, आदिवासीचे नाव ती थट्टा! खरे नाव कोणते हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात, सत्ता त्याची.

आपल्यापैकी किती जणांनी खोली भाड्याने घेताना आडनाव गिळले आहे? हॉस्टेलमध्ये, ऑफिसात "पूर्ण नाव काय?" या प्रश्नामागे काय दडलेले असते, हे सांगायची गरज नाही. ते आडनाव गिळणे म्हणजे फसवणूक आहे का? मुळीच नाही. तो दुबळ्याचा मुखवटा आहे. बलवानाच्या नजरेपासून वाचण्यासाठी घातलेली ढाल आहे ती.

शिकाऱ्याचा मुखवटा वेगळा असतो. तिथे बलवान माणूस दुबळ्याचे रूप घेतो. याचा दाखला फार जुना आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर एक अपंग स्त्री म्हणून वावरणाऱ्या व्यक्तीने कित्येक स्त्रियांचा विश्वास मिळवला. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कमधला एक पुरुष मानसोपचारतज्ज्ञ निघाला. पत्रकार लिंडसी वॅन गेल्डर यांनी १९८५ मध्ये 'मिस्' या स्त्रीवादी मासिकात ते उघड केले. आधार देण्याचे शास्त्र शिकलेला माणूसच आधाराचे नाटक करत होता.

तेव्हा प्रश्न मुखवटा आहे की नाही, हा नाहीच. तो कोणी, कोणापासून आणि कशासाठी घातला आहे, हा आहे. खालच्याने वरच्यापासून जीव वाचवायला घातला असेल तर त्याचे रक्षण झाले पाहिजे. वरच्याने खालच्याची शिकार करायला घातला असेल तर तो फाडला पाहिजे. ज्या उपायाला हा फरक कळत नाही, तो उपाय शेवटी दुबळ्याच्याच अंगावर येतो.

पहिले उत्तरही याच कारणाने फसते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सगळ्यांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. कंपन्यांना लगाम हवाच. पण जिचे लग्न घरचे शाळेतच ठरवायला निघालेत तिने मदत मागायला कोणाची संमती आणावी? घर प्रत्येकासाठी आसरा असतेच असे नाही.

मग करायचे काय?

दोन उदाहरणे देतो. पहिले सेलिया ब्ले यांचे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील एका खेड्यात राहणाऱ्या, साठीतल्या बाई. २००६ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या १७ वर्षांच्या एका मुलीशी त्यांची इंटरनेटवर ओळख झाली. ती मुलगी दुसऱ्या कोणाशी तरी सोबत मरण्याचे वचन करून बसली होती. समोरची व्यक्ती स्वतःला तरुण नर्स म्हणवत होती. ब्ले यांनी मुलीला त्यातून परावृत्त केले आणि मग त्या 'नर्स'चा माग सुरू केला. तीच व्यक्ती वेगवेगळ्या नावांनी अनेक निराश माणसांना हेच सांगत होती. स्थानिक पोलिसांनी त्यांना दुर्लक्ष करायला सांगितले. बाई हटल्या नाहीत. त्यांनी संवाद जपून ठेवले, पीडितांना शोधले, एका मैत्रिणीच्या मदतीने पुरावा गोळा केला. २००८ मध्ये अखेर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या पोलिसांनी दखल घेतली. 'तरुण नर्स' म्हणजे प्रत्यक्षात चाळिशी पार केलेला, बायकामुले असलेला पुरुष नर्स निघाला. पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. ब्ले यांच्याजवळ ना पद, ना संघटना, ना पैसा. त्यांनी ना झुंड जमवली, ना पत्ते फोडले. नोंद ठेवली, पाठपुरावा केला, कायद्याच्या दारावर दोन वर्षे धडका दिल्या. कार्यकर्ता याहून वेगळा काय असतो?

दुसरे उदाहरण त्या ब्लॅकच्याच घरातले. ज्याच्या नावाने मुलांचे पान चालले ते अपत्य मोठे होऊन फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजात शिकायला गेले. ओळख उघडी पडली तेव्हा बहुतेकांनी वाळीत टाकले. एका ज्यू विद्यार्थ्याने मात्र दर आठवड्याच्या शब्बाथच्या जेवणाला बोलावले. पंगतीला बसून, मित्रांच्या प्रश्नांना तोंड देत देत जन्मापासून पढवलेले सगळे ढासळत गेले, आणि २०१३ मध्ये त्या अपत्याने वर्णवर्चस्ववाद जाहीरपणे सोडला. आपलेपणा देऊन ज्यांना ओढले जाते, त्यांना परत आणायलाही आपलेपणाच लागतो. फरक इतकाच, की या आपलेपणात प्रश्न विचारायची मुभा होती.

हा फरक म्हणजेच कसोटी. कालाम लोकांना तथागतांनी हेच सांगितले होते : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. म्हणून आपल्या पोरांना उपदेशाऐवजी तीन प्रश्न शिकवा. हा माणूस मला इतर मित्रांपासून तोडतो आहे का? हा मला काही गोष्टी लपवून ठेवायला सांगतो आहे का? मी याला उलट प्रश्न विचारला तर हा चिडतो का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले तर समोरचा कितीही गोड असो, कितीही 'आपला' असो, सावध व्हा.

'आपला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. निळा झेंडा प्रोफाईलला लावला की माणूस तपासणीपलीकडे जातो, असे नाही. चळवळीतल्या एखाद्या 'दादा'ने नवख्या पोरीला रात्री-अपरात्री मेसेज करावेत आणि "हे चळवळीच्या हितासाठी कोणाला सांगू नको" म्हणावे, तर तोही तोच मुखवटा आहे. चळवळीची बदनामी प्रश्न विचारल्याने होत नसते, प्रश्न दाबल्याने होते.

कामाची यादी छोटी आहे :

१. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात आठवड्यातून एकदा पोरापोरींची बैठक व्हावी. भाषण नको. पोरांनी बोलायचे, मोठ्यांनी ऐकायचे.

२. फसलेल्या पोराला पहिला प्रश्न "असं कसं केलंस?" हा विचारायचा नाही. "बरं झालं सांगितलंस" हे पहिले वाक्य असले पाहिजे. शिकाऱ्याचे अर्धे बळ पोराच्या लाजेत असते.

३. मोबाईल हिसकावण्याआधी स्क्रीनशॉट, तारखा, खात्याची नावे जपून ठेवा. तक्रार कायद्याने करा. झुंड जमवू नका, कोणाचा पत्ता फोडू नका.

४. कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वस्तीच्या फलकावर लावा.

५. कायद्यासाठी मागणी करताना ती कृतीला शिक्षा व्हावी आणि कंपन्यांवर जबाबदारी यावी अशी करा. नावांची सक्ती मागू नका.

'शिका, संघर्ष करा, संघटित व्हा' हे आपण भिंतीवर रंगवतो. संघटित होणे म्हणजे मोर्चाला जमणे एवढेच नव्हे. वस्तीतले शेवटचे एकटे पोरसुद्धा आपल्या बैठकीत हक्काने येऊन बसले पाहिजे, तेव्हा आपण संघटित झालो. ती जागा आपण रिकामी ठेवली तर ती भरायला कोणीतरी टपलेलेच आहे. त्याने १९८४ साली टेलिफोनच्या तारेवरून सुरुवात केली होती, आज तो पोराच्या उशाशी असलेल्या मोबाईलमध्ये आहे. त्याच्या आधी आपण तिथे पोहोचायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जय भीम!